वेल्डिंगच्या हातमोज्यांना सीई खूण : मकरपुऱ्यातून युरोपपर्यंत

युरोपातल्या खरेदीदाराच्या पहिल्याच मेलमध्ये भावाच्या चौकशीखाली एक ओळ असते : सीई पाठवा. सीई म्हणजे माल युरोपीय संघाच्या कायद्याप्रमाणे आहे हे सांगणारी खूण आणि तिच्यामागची कागदपत्रं. वडोदऱ्यात मकरपुरा आणि पोर-रमणगामडीच्या वसाहतींत टाक्या, प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजर यांचं फॅब्रिकेशन चालतं, आणि तिथे वेल्डरचा चामडी हातमोजा जोडीच्या भावावर घेतला जातो. महिनाभरात जळला की दुसरा. युरोपात त्याच हातमोज्याला कायद्याने व्यक्तिगत संरक्षण साधन (पीपीई) म्हणतात आणि त्याच्यामागे एक पूर्ण फाइल लागते. या कामात क्रम चुकला की चाचण्यांचे पैसे दोनदा जातात. म्हणून इथे क्रमाबद्दल जास्त लिहिलं आहे.

लागू असलेला कायदा म्हणजे युरोपीय संघाचं रेग्युलेशन २०१६/४२५. ते २१ एप्रिल २०१८ पासून लागू झालं. त्याआधीच्या ८९/६८६ या डायरेक्टिव्हखालची प्रमाणपत्रं जास्तीत जास्त २१ एप्रिल २०२३ पर्यंत चालली. कोणी जुन्या डायरेक्टिव्हचा कागद दाखवून 'याच डिझाइनला सीई आहे' म्हणत असेल, तर तो कागद आता निरुपयोगी आहे. त्यावर नवा अर्ज उभा करू नका.

पहिला निर्णय वर्गाचा. रेग्युलेशनमध्ये तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात किरकोळ धोके येतात : वरवरची इजा, सौम्य साबण, ५० अंशांपेक्षा जास्त नसलेला गरम पृष्ठभाग. बागकामाचे हातमोजे इथे बसतात आणि त्यांची जबाबदारी उत्पादक स्वतःच्या घोषणेवर घेतो. तिसऱ्या वर्गात जिवावर बेतणारे किंवा कायमचं नुकसान करणारे धोके : घातक रसायनं, जिवंत विद्युतवाहिनीवरचं काम, १०० अंश किंवा त्याहून गरम हवेसारखा परिणाम करणारं वातावरण, मोठ्या प्रमाणात उडणारा वितळलेला धातू. मधला सगळा दुसरा वर्ग, आणि वेल्डरचा हातमोजा तिथे येतो. ठिणग्यांचे बारीक थेंब, थोडा वेळ लागणारा चटका, घासणं, टोचणं एवढ्यापासून तो वाचवतो.

वर्ग ठरतो तो धोक्यावरून, आणि धोका तुम्ही स्वतः लिहून देता. कॅटलॉगमध्ये सवयीने 'वेल्डिंग, फर्नेस, फाउंड्रीसाठी' असं छापलेलं असतं. ते तसंच इंग्रजी माहितीपत्रकात उतरलं की तपासणारा विचारतो, फाउंड्री म्हणजे वितळलेल्या धातूचे मोठे शिंतोडे का? हो म्हटलं तर तिसरा वर्ग, वेगळ्या चाचण्या आणि दरवर्षीची देखरेख. नाही म्हटलं तर तो शब्द सगळीकडून काढावा लागतो, अगदी कार्टनवरूनही. अर्ज करण्याआधी ब्रोशर, वेबसाइट, पॅकिंग यावरचा प्रत्येक दावा एका कागदावर लिहून काढावा आणि ज्याची चाचणी करणार नाही तो खोडावा. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि ते टाळलं तर पुढे महिने जातात.

दुसऱ्या वर्गासाठी मार्ग ठरलेला आहे. मॉड्यूल बी म्हणजे नोटिफाइड बॉडीकडून (युरोपीय संघात अधिकृत मान्यता असलेली तपासणी संस्था) ईयू टाइप-एक्झामिनेशन, म्हणजे नमुन्याची आणि फाइलची तपासणी, आणि त्यानंतर मॉड्यूल सी म्हणजे आपलं उत्पादन त्या मंजूर नमुन्यासारखंच राहील ही आपली अंतर्गत व्यवस्था. तिसऱ्या वर्गात सीऐवजी सी-टू किंवा डी येतं. सी-टूमध्ये संस्था वर्षातून किमान एकदा माल उचलून तपासते, डीमध्ये कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेचं ऑडिट होतं.

नोटिफाइड बॉडी निवडताना नाव ऐकून निवडू नका. प्रत्येक संस्थेला चार आकडी क्रमांक असतो. युरोपीय आयोगाच्या नॅन्डो नावाच्या यादीत तो क्रमांक टाका, संस्थेच्या नोंदीत २०१६/४२५ हे रेग्युलेशन आहे का पाहा, आणि त्यातही हात आणि बाहूंच्या संरक्षणासाठी तिला मान्यता आहे का ते पाहा. यंत्रांसाठी किंवा खेळण्यांसाठी मान्य असलेली संस्था हातमोज्यांचं टाइप-एक्झामिनेशन करू शकत नाही. भारतातली प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी ती नोटिफाइड बॉडी नसते. तिचा चाचणी अहवाल काही युरोपीय संस्था स्वीकारतात, पण कोणत्या अटींवर ते आधी लेखी विचारून घ्यावं. नमुने देऊन झाल्यावर विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी येतं.

'सर्टिफिकेट ऑफ कंप्लायन्स' असं शीर्षक असलेले, सोनेरी किनारीचे, दोन दिवसांत मिळणारे कागद बाजारात अजून फिरतात. २०२० साली मास्क आणि पीपीई किटच्या घाईत युरोपियन सेफ्टी फेडरेशनने अशा संशयास्पद कागदांबद्दल जाहीर इशारा दिला होता. खऱ्या कागदावर 'ईयू टाइप-एक्झामिनेशन सर्टिफिकेट' हे शब्द, रेग्युलेशनचा क्रमांक, संस्थेचा चार आकडी क्रमांक, मॉडेलचं नाव, वापरलेली मानकं आणि मुदत असते. 'स्वेच्छेने केलेली पडताळणी' असं कुठेही बारीक अक्षरात असेल तर त्या कागदावर माल पाठवणं म्हणजे कंटेनर बंदरात अडकवणं.

आता मानकं. वेल्डरच्या हातमोज्याचं मानक ईएन १२४७७ (ईएन म्हणजे युरोपीय मानक). सर्व हातमोज्यांना लागू असलेल्या सामान्य गरजा ईएन आयएसओ २१४२० मध्ये आहेत. २०२० साली त्याने जुन्या ईएन ४२० ची जागा घेतली. यांत्रिक चाचण्या ईएन ३८८ प्रमाणे, उष्णतेच्या ईएन ४०७ मधल्या पद्धतींनी. ईएन १२४७७ मध्ये दोन प्रकार आहेत. ए म्हणजे जाड, जास्त संरक्षण, कमी चपळाई : स्टिक आणि मिग या वेल्डिंगच्या पद्धतींसाठी. बी म्हणजे पातळ, बोटांना हालचाल देणारा : टिग वेल्डिंगसाठी. प्रकार निवडताना लोभ करू नये. एकच मोजा 'ए आणि बी दोन्ही' म्हणून विकायचा मोह होतो, पण ए ला हवी ती जाडी ठेवली की बी साठी लागणारी चपळाईची चौथी पातळी, म्हणजे साडेसहा मिलिमीटर व्यासाची पिन उचलणं, जमत नाही. ए ला पहिली पातळी पुरते, ११ मिलिमीटरची पिन.

टाइप एसाठी किमान आकडे असे. घासण्याची पातळी २, म्हणजे ५०० फेरे. पात्याने कापण्याची १, निर्देशांक १.२. फाटण्याची २, म्हणजे २५ न्यूटन. टोचण्याची २, म्हणजे ६० न्यूटन. ज्वाळेला पातळी ३, स्पर्शाच्या उष्णतेला १, म्हणजे १०० अंशांवर किमान १५ सेकंद. संवहनाच्या उष्णतेला २. धातूच्या बारीक थेंबांना ३, म्हणजे २५ थेंब. याशिवाय विद्युतरोध दहाच्या पाचव्या घाताच्या ओहमपेक्षा जास्त.

आकडे पाहून लोक यांत्रिक चाचण्यांची धास्ती घेतात. चांगलं सव्वा मिलिमीटरचं स्प्लिट (कातडीच्या आतल्या थराचं) चामडं त्या सहसा पार करतं. मोजे नापास होतात ते दुसऱ्याच चार ठिकाणी : क्रोमियम, पीएच, लांबी आणि अस्तराची धुमसणारी आग. प्रत्येकाचं कारण कारखान्यात शोधता येतं.

क्रोमियमपासून सुरू करू, कारण यात माल परत येतो. क्रोम टॅनिंगमध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावताना, जातं ते क्रोमियम थ्री, आणि ते चालतं. मर्यादा आहे क्रोमियम सिक्सवर : चामड्यात किलोमागे ३ मिलिग्रॅम. ईएन आयएसओ १७०७५ ची मोजण्याची पद्धतही साधारण तिथूनच खात्रीने आकडा देते, म्हणजे व्यवहारात अहवालात 'आढळलं नाही' असंच यायला हवं. टॅनरी शपथेवर सांगते की आम्ही सिक्स वापरतच नाही, आणि ते खरं असतं. सिक्स नंतर तयार होतं. फॅटलिकरमध्ये, म्हणजे चामडं मऊ करायच्या तेलाच्या मिश्रणात, माशाच्या तेलासारखी असंतृप्त तेलं असतील, न्यूट्रलायझेशनमध्ये (चामड्यातलं ॲसिड कमी करताना) पीएच फार चढवला असेल, आणि वर उष्णता, प्रकाश व कोरडी हवा मिळाली, तर थ्रीचं काही प्रमाणात सिक्स होतं. आमच्याकडे वडोदऱ्यात मे महिन्यात बाहेर ४० च्या वर पारा जातो. पत्र्याच्या शेडमध्ये छताला लागून रचलेल्या चामड्याच्या गठ्ठ्यांना किती लागत असेल याचा अंदाज थर्मामीटर लावल्याशिवाय येत नाही. त्यामुळे जानेवारीत पास झालेलं चामडं जूनमध्ये नापास होऊ शकतं.

यावर उपाय टॅनरीतच सुरू होतो. कानपूर असो वा कोलकाता, खरेदीच्या ऑर्डरवरच लिहावं : फॅटलिकर कोणतं, रीटॅनिंगमध्ये (दुसऱ्यांदा कमावताना) वनस्पतिजन्य टॅनिन आहे का, आणि चाचणी ८० अंशांवर २४ तास चामडं तापवून मग केलेली हवी. त्या तापवण्याने सुप्त धोका उघड होतो. न तापवता केलेला अहवाल स्वस्त पडतो आणि खोटा दिलासा देतो. वनस्पतिजन्य टॅनिन ऑक्सिडीकरण रोखतं, त्यामुळे थोडा खर्च वाढला तरी ते मागावं. गोदामात चामडं छतापासून दूर, सावलीत, लॉटची चिठ्ठी लावून ठेवावं. आम्ही प्रत्येक लॉटमधून तुकडा पाठवतो. टॅनरीच्या वर्षभराच्या एका अहवालावर शिपमेंट सोडत नाही.

पीएचची मर्यादा ३.५ ते ९.५. चामडं बहुतेक वेळा खालच्या बाजूने चुकतं : ॲसिड नीट धुतलं गेलं नाही की ३.२, ३.३ येतं. हे टॅनरीत आणखी एक धुलाई वाढवून सुटतं, फक्त माल निघण्याआधी विचारायला हवं. आपल्याकडे आल्यावर त्याचं काही करता येत नाही.

लांबी ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात लाजिरवाणी चूक. ईएन १२४७७ मध्ये साइज १० साठी किमान ३४० मिलिमीटर, साइज ९ ला ३३०, ११ ला ३५०. पॅटर्न ३४५ चा कापला, बोटांची शिलाई करून मोजा उलटला, कफची पट्टी दुमडली, की टोकापासून टोकापर्यंत ३३४ भरतो. मोजताना हातमोजा मधल्या बोटाला धरून सरळ टांगून मोजतात, ओढून नाही. टेबलावर पसरून ताणून मोजणाऱ्या कारागिराला पाच मिलिमीटर जास्त मिळतात आणि प्रयोगशाळेत ते हरवतात. आम्ही पॅटर्नला तयार मापापेक्षा १५ मिलिमीटर जास्त धरतो आणि प्रत्येक साइजचे तीन मोजे टांगून तपासतो. कमी आलं तर डाय (चामडं कापायचा साचा) बदलावी लागते, म्हणून डाय बनवण्याआधी कागदी पॅटर्नवर एक जोडी शिवून, उलटून बघावी.

चौथी जागा अस्तराची. ज्वाळेच्या तिसऱ्या पातळीला ज्वाळा काढल्यावर आग ३ सेकंदांत विझली पाहिजे आणि धग २५ सेकंदांत. चामडं स्वतः चांगलं वागतं. आतलं सुती फ्लीस, विशेषतः केस वर काढलेलं, न पेटता धुमसत राहतं. कफच्या कडेला अस्तर बाहेर डोकावत असेल तर तिथून धग आत जाते. कडेला अस्तर दोन मिलिमीटर आत घेऊन चामड्याची पट्टी दुमडली की फरक पडतो. शिलाईचा धागाही इथेच उघडा पडतो : पॉलिएस्टर वितळतो आणि शिवण सुटते. न वितळणाऱ्या अरामिड धाग्याचा खर्च जोडीमागे वाढतो, पण या मोज्याला तोच लागतो. फक्त दिसणाऱ्या शिवणीत अरामिड आणि आतल्या शिवणीत पॉलिएस्टर अशी बचत करू नये.

यांत्रिक चाचण्यांबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायला हवी. घासणं, फाटणं, टोचणं यांत चार-चार नमुने घेतात आणि सगळ्यात कमी निकालावर पातळी ठरते, सरासरीवर नाही. म्हणजे चार तळव्यांपैकी एक जरी जनावराच्या पोटाच्या ढिल्या चामड्यातून कापलेला असेल तर तो सगळ्यांना खाली खेचतो. तळवा पाठीच्या घट्ट भागातून आणि कफ पोटाच्या भागातून कापायची सूचना कटिंग टेबलावर चिकटवून ठेवावी. नमुने २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत किमान २४ तास ठेवून मग चाचणी होते, त्यामुळे आपल्या ऑगस्टच्या दमट हवेत घेतलेले घरचे आकडे त्याच्याशी जुळत नाहीत. ते तुलनेसाठी ठेवावेत, दाव्यासाठी नाही.

आता नमुने. खरेदीदाराला खूश करायला सगळ्यात हुशार कारागिराकडून निवडक चामड्याचे वीस जोड शिवून घेतात, तेच नोटिफाइड बॉडीकडे जातात आणि पास होतात. मग प्रमाणपत्र मिळतं एका मोज्याला आणि तयार होतो दुसरा. संस्था नमुना 'प्रातिनिधिक' मागते, म्हणजे चालू लॉटमधला. आम्ही साध्या दिवसाच्या उत्पादनातून एका मॉडेलचे ३० जोड काढतो, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी साइज त्यात असते. त्या लॉटच्या चामड्याचं बिल, धाग्याचा कोड, अस्तराचं वजन आणि शिलाईचे टाके फाइलमध्ये जातात. हे नमुन्याच्या आधी लिहून झालेलं असावं.

फाइलचा गाभा रेग्युलेशनच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. मोज्याचं वर्णन आणि उद्देश, धोक्यांचं मूल्यांकन, दुसऱ्या परिशिष्टातल्या कोणत्या मूलभूत गरजा लागू होतात त्यांची यादी, भागांसह चित्रं, वापरलेली मानकं, चाचणी अहवाल, उत्पादनात सारखेपणा राखण्याची आपली पद्धत आणि वापरकर्त्यासाठीची सूचना. धोक्यांचं मूल्यांकन इथेच बहुतेक फाइल मागे येते. इंटरनेटवरून उचललेली सारणी चालत नाही. वेल्डर काय पकडतो, तापलेली धातूची पट्टी किती वेळ हातात असते, ठिणग्या मोज्याच्या कोणत्या बाजूवर येतात, घामाने आत काय होतं, हे लिहावं लागतं. शेजारच्या शेडमध्ये उभं राहून एक पाळी बघितली तर हे मूल्यांकन दोन पानांत नीट उतरतं. अर्जासोबत 'हाच अर्ज दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडे केलेला नाही' असं लेखी द्यावं लागतं. भाव काढायला दोन ठिकाणी चौकशी करा, अर्ज एकाच ठिकाणी.

वापराच्या सूचनेत काही वाक्यं टाळता येत नाहीत. हा मोजा सदोष यंत्रामुळे किंवा जिवंत भागावर काम करताना बसणाऱ्या विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही, आणि ओला, मळलेला किंवा घामेजलेला असेल तर विद्युतरोध कमी होतो. वेल्डिंगच्या मोज्यातून अतिनील किरण जाण्याची प्रमाणित चाचणी अजून नाही, हेही लिहायचं. मोज्यात एकाहून जास्त थर असतील तर एकूण पातळी बाहेरच्या थराचीच असेल असं नाही, ही नोंदही. या सूचना ज्या देशात माल विकला जाईल तिथल्या भाषेत हव्यात. जर्मनीसाठी फक्त इंग्रजी पत्रक ठेवलं तर आयातदाराचा गोदामवाला प्रत्येक खोका उघडून पत्रक घालतो आणि बिल आपल्या नावावर लावतो.

खुणांबाबत दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, सीई खुणेशेजारी संस्थेचा चार आकडी क्रमांक छापणं. तो फक्त तिसऱ्या वर्गात येतो. दुसऱ्या वर्गाच्या मोज्यावर तो छापला की खूण चुकीची ठरते, चाचण्या कितीही चांगल्या असोत. दुसरी, उंची. सीईची अक्षरं किमान ५ मिलिमीटर. मोज्यावर मॉडेल, साइज, आपलं नाव, चित्रचिन्हं आणि निर्मितीचा किमान महिना व साल हवं. पूर्ण पत्ता मावत नसेल तर तो पॅकिंगवर चालतो. कफच्या आतलं विणलेलं लेबल घामाने वाचेनासं होतं. उष्णतेने चिकटवलेला ठसा जास्त टिकतो, पण तो स्प्लिटच्या खरबरीत बाजूवर नीट बसत नाही. त्यासाठी गुळगुळीत चामड्याचा छोटा तुकडा कफवर शिवावा.

प्रमाणपत्र हाती आलं की उत्पादकाने अनुरूपतेची घोषणा सही करून द्यायची. ती नवव्या परिशिष्टाच्या नमुन्यात असते. प्रत्येक जोडीसोबत छापील द्या किंवा सूचनापत्रकात तिचा इंटरनेटवरचा पत्ता द्या. तो पत्ता पुढे बदलू नये, कारण मोजे बाजारात वर्षानुवर्षं पडून असतात. फाइल आणि घोषणा माल बाजारात आल्यापासून दहा वर्षं सांभाळायची.

युरोपात आपल्या बाजूने कोणीतरी हवा. १६ जुलै २०२१ पासून २०१९/१०२० या रेग्युलेशनप्रमाणे आयातदार, अधिकृत प्रतिनिधी किंवा साठवण-पाठवणी करणारी संस्था यांपैकी एकाचं नाव आणि पत्ता मालावर वा पॅकिंगवर असायला हवा. आयातदाराला स्वतःचा ब्रँड लावायचा असेल तर कायद्याच्या नजरेत तोच उत्पादक होतो, आणि प्रमाणपत्रही त्याच्या नावाचं लागतं. ही गोष्ट ऑर्डरच्या आधी ठरवा. आपल्या नावाच्या प्रमाणपत्रावर त्याचं लेबल लावून माल पाठवला, तर दोघांचीही कागदपत्रं मालाशी जुळत नाहीत. ग्रेट ब्रिटन पीपीईसाठी सीई खूण पुढेही स्वीकारतं, म्हणून तिथल्या खरेदीदाराने वेगळ्या चाचण्यांचा आग्रह धरला तर कारण विचारून घ्यावं.

हजिरा किंवा न्हावा शेवाहून कंटेनर सुटल्यावर काम उत्पादनाच्या शिस्तीचं उरतं. धागा बदलला, टॅनरी बदलली, अस्तराचं वजन कमी केलं, तर नोटिफाइड बॉडीला कळवावं लागतं. बदल छोटा आहे की मोठा हे तिने ठरवायचं असतं. खरेदी विभागाला हे माहीत नसतं आणि त्यांनी दोन रुपयांचा धागा वाचवला की प्रमाणपत्राचा पाया सरकतो. म्हणून मंजूर सामानाची एक यादी खरेदीच्या टेबलावर असावी, तिच्याबाहेरच्या कुठल्याही मालाला गेटवरच थांबवावं.

प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी बारा महिने ते सहा महिने या काळातच करायचा. मुदत १० मार्च २०३० ला संपत असेल तर अर्ज १० मार्च २०२९ ते १० सप्टेंबर २०२९ दरम्यान. या तारखा फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहाव्यात. प्रत्येक लॉटमधला एक जोड लॉट क्रमांकासह अपारदर्शक पिशवीत सील करून, उन्हापासून आणि पत्र्यापासून दूर कपाटात ठेवावा. तीन वर्षांनी रॉटरडॅमहून तक्रार आली की आपल्याकडे तुलना करायला तो एकच जोड असतो.